हॉटेलच्या टॉयलेटचा वास: केमिकल घेण्याआधी एक अगरबत्ती लावून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूड भागात तळमजल्यावर ४५ खुर्च्यांचं फॅमिली रेस्टॉरंट आणि बार. सुरू होऊन दीड वर्ष झालं. जेवणाबद्दल लोक चांगलं बोलतात, पण ऑनलाइन अभिप्राय टॉयलेटवर येऊन अडतात. आठ महिन्यांपूर्वी टाइल्स, कमोड, युरिनल, नळ सगळं नवं केलं. दिवसातून चार वेळा फिनाईल टाकतात, युरिनलमध्ये डांबरगोळ्या, भिंतीला सुवासिक वड्या. तरी रात्री नऊनंतर वास येतोच, आणि शनिवारी टॉयलेटच्या दाराजवळची दोन टेबलं लोक नको म्हणतात. मालकांनी विचारलंय, ‘नेमकं कोणतं केमिकल वापरू?’

मी बावीस वर्षं पुण्यात हॉटेलांची प्लंबिंगची कामं करतो. पाइपला आटे पाडणारा हेल्पर म्हणून सुरुवात केली, आता नवीन जागांचे आराखडे तपासतो आणि जुन्या जागांची दुखणी काढतो. (हॉटेल म्हणजे आपल्या बोलीतलं हॉटेल, जेवायची जागा.) केमिकलचं नाव शेवटी सांगतो, पण त्यावर पैसे घालवायची तुम्हाला घाई नको.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘रात्री नऊनंतर’. नुसत्या घाणीचा वास घड्याळ बघून येत नाही. उलट जागा रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी शटर वर करताना तो भपकन अंगावर यायला हवा. तुमच्याकडे सकाळी ठीक आणि रात्री असह्य, म्हणजे नऊनंतर काहीतरी बदलतं. काय बदलतं? किचनचा ब्लोअर, म्हणजे धूर बाहेर फेकणारा मोठा पंखा, पूर्ण वेगाने फिरायला लागतो. बारची गर्दी होते. आणि सफाईच्या मावशी घरी गेलेल्या असतात. हे तिसरं तुम्ही लिहिलेलं नाही, पण दहातल्या आठ ठिकाणी मी तेच पाहिलंय.

आता जे मला इथे बसून दिसत नाही ते आधी कबूल करतो. तुमची लाइन सोसायटीच्या चेंबरला जाते की वेगळी आहे, खाली तळघर आहे का, पाणी महापालिकेचं की टँकर-बोअरचं, इमारत किती जुनी, व्हेंट पाइप (ड्रेनेजच्या लाइनला हवा देणारा) गच्चीपर्यंत न्यायला सोसायटी परवानगी देईल का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे मी उपाय सांगण्यापेक्षा शोधायचा क्रम सांगतो. पुण्यातल्या वाड्याच्या जागेवर उठलेली इमारत आणि बाणेरची नवी काचेची इमारत, दोन्हींचं पोट वेगळं असतं.

पहिलं काम नाकाचं. वास तीन जातींचे असतात. डोळ्यांना झोंबतो तो अमोनियाचा, म्हणजे लघवीचा. सडक्या अंड्यासारखा येतो तो गटारातल्या वायूचा. आणि पावसाळ्यात ओल्या गोणपाटाला येतो तसा कुबट वास असेल तर फरशीखाली पाणी मुरलंय. तुम्ही रोज तिथेच असता, तुमचं नाक मेलेलं आहे, रागावू नका. बाहेरच्या माणसाला बोलवा. मी एका मालकाच्या सासूबाईंना विचारलं होतं, त्यांनी दारातूनच सांगितलं, ‘हे मुतारीचं नाही, हे गटाराचं आहे.’ त्यांचं निदान बरोबर निघालं.

आता ती अगरबत्ती. शनिवारी रात्री साडेदहाला, किचन जोरात असताना, टॉयलेटच्या दारासमोर हॉलच्या बाजूला उभे राहा. दार बंद. अगरबत्ती दाराच्या खालच्या फटीशी धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. धूर फटीतून आत ओढला गेला तर छान. धूर वळून हॉलकडे, तुमच्या पायांकडे आला, तर तुमच्या टॉयलेटची हवा हॉलमध्ये येतेय. मग आत चंदनाची फरशी बसवली तरी त्या दोन टेबलांवर कोणी बसणार नाही.

असं का होतं? किचनच्या हूडवरचा (शेगडीवरच्या धूर गोळा करणाऱ्या छत्रीवरचा) ब्लोअर तासाला काही हजार घनमीटर हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. एसीसाठी तुम्ही हॉलची सगळी दारं-खिडक्या बंद करता, पडदे लावता. मग ब्लोअर मिळेल तिथून हवा ओढतो: मुख्य दाराच्या फटीतून, छतातल्या पोकळीतून, आणि टॉयलेटमधून. टॉयलेटमधला तुमचा सहा इंची एक्झॉस्ट पंखा तासाला दोन-अडीचशे घनमीटर हवा फेकतो, त्याची काय टाप! तो पंखा फिरत असतो आणि हवा त्याच्याच पात्यांमधून उलटी आत येत असते. दुपारी किचन मंद असतं तेव्हा हाच पंखा पुरतो. म्हणून तुम्हाला दिवसा काही सापडत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका बारमध्ये अगदी तुमच्यासारखीच तक्रार होती. मी मालकाला छातीठोकपणे सांगितलं, कमोडचा जोड गळतोय, कमोड बदला. बदलला. वास तसाच. मग म्हटलं युरिनल बदलू. तेही बदललं. मालक भला माणूस, पैसे देत राहिला. एका शनिवारी तिथे एसीवाला मिस्त्री आला होता. मागच्या बोळात बिडी ओढत ओढत तो टॉयलेटच्या दारापाशी येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, ‘हे बघ.’ बिडीचा धूर टॉयलेटच्या बाहेरच्या झडपेतून आत, तिथून दाराच्या फटीतून सरळ हॉलमध्ये चालला होता. दोन कमोड आणि दोन युरिनल मी विनाकारण बदलले होते. मी मजुरी परत केली, पण भांड्यांचे पैसे मालकाचे गेलेच. तेव्हापासून माझ्या पिशवीत पान्याशेजारी आणि टेफ्लॉन टेपशेजारी अगरबत्तीचा पुडा असतो.

यावरचा इलाज किचनमध्ये आहे. हूडने ओढलेल्या हवेपैकी साधारण ऐंशी टक्के हवा दुसऱ्या पंख्याने किचनमध्येच परत सोडायची. एक्झॉस्टवाल्याकडे ‘फ्रेश एअर’ म्हणून मागा, त्याला कळतं. खर्च वाचवायला हीच गोष्ट सगळ्यात आधी कापली जाते. टॉयलेटच्या बाजूने तीन छोट्या गोष्टी करा. पंखा लाइटच्या बटणावर असेल तर वेगळा काढा, जागा चालू असेपर्यंत तो चालूच राहिला पाहिजे. पंखा दारापासून लांबच्या भिंतीवर हवा. दाराच्या वरच असेल तर तो फक्त दारातली हवा फिरवतो. आणि दाराला डोअर क्लोजर बसवा, पण खाली पाऊण-एक इंच फट ठेवा, नाहीतर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. जागा असेल तर दोन दारांच्या मध्ये बेसिनची छोटी खोली काढावी. किचनच्या बाजूला तर टॉयलेटचं दार थेट उघडूच नये, अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांतही ते आहे.

अगरबत्तीचा धूर आत गेला, म्हणजे हवेचं गणित ठीक, तरीही वास आहे. मग पाइप बघायचे.

प्रत्येक कमोडमध्ये, बेसिनखाली, फरशीच्या जाळीखाली पाइपला एक वाकण असतं, त्याला ट्रॅप म्हणतात, आणि त्यात थोडं पाणी कायम उभं असतं. साधारण दोन इंच, ५० मिलिमीटर. गटार आणि तुमचा हॉल यांच्यामध्ये तेवढंच एक बूच आहे, बाकी सगळा उघडा रस्ता. हे बूच तुमचा ब्लोअर ओढून काढू शकत नाही, तेवढी त्याची ताकद नाही. पण बूच आधीच गेलं असेल तर तोच ब्लोअर गटारातली हवा वर खेचतो.

बूच जातं कसं? सर्वात साधं कारण, वाळून. पूर्वी मोरी बादलीने धुवायचे, नहाणी ट्रॅपमध्ये रोज पाणी जायचं. आता तुमच्याकडे ओला पोछा फिरतो, जाळीत थेंब जात नाही. मे महिन्यात, त्यात एसी, दोन-तीन आठवड्यांत ट्रॅप कोरडा ठणठणीत. उपाय एका मगाचा आहे: दुकान बंद करताना प्रत्येक जाळीत मगभर पाणी. गावाला जाताना आठवडाभर बंद ठेवणार असाल तर पाण्यावर चमचाभर गोडं तेल सोडा, पाणी वाळत नाही.

दुसरं कारण माणसाच्या हातचं. हल्ली स्टीलची चौकोनी जाळी बसवतात, तिच्या पोटात एक सुटी वाटी असते. झुरळं येऊ नयेत म्हणून ती दिलीय असं दुकानदार सांगतो, पण बऱ्याच जाळ्यांत पाण्याचं बूच म्हणजे ती वाटीच असते. केस-कचरा अडकून पाणी तुंबलं की सफाई करणारा वाटी काढतो, पाणी सुळकन जातं, तो खूश होतो आणि वाटी कोपऱ्यात राहते. पुढे ती कचऱ्यात जाते. मी जाळी उचलतो आणि आत सरळ काळा पाइप दिसतो. आजच जाऊन तुमच्या सगळ्या जाळ्या उचलून बघा, नखाने उघडतात.

तिसरं बेसिनखाली. तिथली लवचीक प्लास्टिकची वेस्ट नळी भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपात नुसती खुपसलेली असते, भोवती बोटभर फट. फटीवर चकचकीत कव्हर सरकवलेलं, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. कव्हर वर सरकवा आणि नाक लावा. रबरी वॉशर आणि थोडं सिलिकॉन, काम संपलं.

चौथं जरा अवघड. कमोड फ्लश केल्यावर शेजारच्या जाळीतून ‘गुडगुड’ असा आवाज येतो का? येत असेल तर कमोडचं पाणी खाली जाताना शेजारच्या ट्रॅपचं पाणी मागोमाग ओढतंय. पाइपला मागून हवा मिळत नाही म्हणून असं होतं. व्हेंट पाइप नसतो, किंवा असतो पण गच्चीवर त्याच्या तोंडात कबुतराने संसार थाटलेला असतो, किंवा वरच्या मजल्यावर कोणीतरी बाल्कनी बंद करताना तो कापून टोपी घातलेली असते. इथे सोसायटीशी बोलावं लागतं आणि ते काम प्लंबिंगपेक्षा अवघड, हे मी मान्य करतो.

नूतनीकरणाबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंय, म्हणून जरा जड मनाने लिहितो. आठ महिन्यांपूर्वीच्या कामात जुन्या टाइल्स काढल्या होत्या की त्यावरच नव्या चिकटवल्या? वरून चिकटवल्या असतील तर कमोडचं जुनं तोंड खाली राहिलं आणि नवा कमोड वर बसला. मधला जोड सिमेंटने लिंपलेला असतो. माणूस बसला-उठला की कमोड केसभर हलतो आणि लिंपण तडकतं. जुनी न वापरलेली ड्रेनची तोंडंही अशीच टाइलखाली उघडी राहतात. कमोडवर बसून डावी-उजवीकडे झुकून बघा. हलला तर मिस्त्रीला बोलवा.

कुबट वास असेल तर प्रकरण मोठं. वरच्या मजल्यावरच्या किंवा तळघरावरच्या टॉयलेटचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे भरून वर फरशी केलेली असते. त्यात एखादा जोड गळत असेल तर तो खड्डा महिनोन्‌महिने मैलापाणी पीत बसतो. वरून तुम्ही फिनाईल टाका नाहीतर गुलाबपाणी. खालच्या छताला पिवळट ओल आहे का बघा. असेल तर फोडण्याशिवाय इलाज नाही. ‘न फोडता गळती बंद’ करणाऱ्यांनी माझ्या ओळखीतल्या तीन ठिकाणी पैसे घेतले, गळती एकाही ठिकाणी थांबली नाही.

बाहेरचं चेंबरही एकदा उघडून बघा. किचनची लाइन ग्रीस ट्रॅपशिवाय (चरबी अडवणाऱ्या टाकीशिवाय) तिथे येत असेल तर वर पांढरट चरबीचा जाड थर दिसेल, आणि शनिवारी भांड्यांचं गरम पाणी आल्यावर तो थर हलून लाइन तुंबते. ग्रीस ट्रॅप आठवड्याला साफ झाला पाहिजे. चेंबर तुंबलं किंवा सेप्टिक टँक भरला तर सक्शनची गाडी बोलवा. माणूस आत उतरवू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. २०१३च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो.

आता झोंबणारा वास, म्हणजे लघवीचा. बारमध्ये हा असणारच, कारण दारू शरीरातलं लघवी रोखून धरणारं संप्रेरक दाबते. चार जणांचं बिअरचं टेबल पहिल्या तासानंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी कोणाला तरी आत पाठवतं. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. जंतू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात तेव्हा वास सुटतो. त्याच वेळी लघवीतले आणि पाण्यातले क्षार खाली बसतात आणि पिवळट दगडासारखा थर धरतो. बोअरचं जड पाणी असेल तर आणखी लवकर. त्या खरखरीत थरात जंतूंची वस्ती होते. तुम्ही वरून फिनाईल टाकता ते थरावरून घरंगळून जातं. त्याने थर विरघळत नाही, वासावर वास चढतो एवढंच. डांबरगोळीचंही तेच. मला विचाराल तर डांबरगोळी आणि लघवी यांचा मिळून जो वास होतो तो नुसत्या लघवीहून वाईट.

थर कुठे आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पण तुमच्या काउंटरवर एक वस्तू आहे. नोटा तपासायची निळी-जांभळी टॉर्च. रात्री जागा बंद झाल्यावर टॉयलेटचे दिवे घालवा आणि ती टॉर्च युरिनलभोवती फिरवा. वाळलेली लघवी त्या उजेडात पिवळसर-हिरवट चमकते. मागच्या वर्षी डेक्कनजवळच्या एका मालकाला मी हे दाखवलं. युरिनलचं भांडं स्वच्छ होतं, रोज घासत होते. चमकत होती ती खालची फरशी, दीड फूट पुढेपर्यंत, टाइल्सच्या सगळ्या रेघा एखाद्या नकाशासारख्या. दोन युरिनलांमधल्या फळीची खालची कड. दाराच्या चौकटीचा तळ. आणि भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत शिंतोडे. मालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘दिवे लावा.’ (साबणाचे डाग आणि काही कापडाचे धागेही त्या उजेडात चमकतात, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला घाबरू नका. आकार बघून कळतं.)

टाइल्समधल्या रेघा साध्या सिमेंटच्या ग्राउटने भरलेल्या असतात आणि ते ग्राउट टीपकागदासारखं शोषून घेतं. युरिनलच्या खाली आणि समोर तीन फुटांपर्यंत जुनं ग्राउट खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, ते पाणी शोषत नाही. महाग आहे, पण एवढ्याच भागाला लागतं. फरशीचा उतार जाळीकडेच आहे ना, तेही बघा. एक मग पाणी ओतलं की समजतं. माझा अनुभव असा की टाइल्सवाला उतार देतो तो दाराकडे, कारण तिथून त्याला मागे सरकत बाहेर यायचं असतं.

आता केमिकल. थरासाठी आम्ल लागतं. बाजारातले निळ्या बाटलीतले टॉयलेट क्लीनर बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्लाचेच असतात, ते पुरतं. रात्री बंद झाल्यावर युरिनलमधलं पाणी काढून लावायचं, वीस मिनिटं ठेवायचं, ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं. जाळी काढून आतल्या पाइपच्या तोंडालाही लावायचं, तिथेच सगळ्यात जाड थर असतो. आठवड्यातून दोनदा पुरे. हातमोजे हवेत आणि पंखा चालू हवा. सिमेंटच्या ग्राउटला, संगमरवराला आणि नळांच्या चकाकीला आम्ल खातं, म्हणून ते भांड्यापुरतंच ठेवायचं. फरशीला रोज साधं साबणाचं पाणी आणि गरम पाणी. आणि एक गोष्ट मावशींना स्वतः समजावून सांगा, बाटलीवर चिठ्ठी चिकटवून भागणार नाही: आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र नाही, एकामागोमागही नाही. दोन्ही एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. माझ्या हाताखालच्या एका पोराने लवकर आटपायच्या नादात हे केलं होतं. तो खोकत बाहेर आला आणि दोन दिवस त्याला धड श्वास घेता येत नव्हता. बंद खोलीत तो थांबला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

केमिकलचं उत्तर एवढंच. आता माणसांकडे येतो, कारण हवा आणि पाइप दुरुस्त करूनही जागा पुन्हा बिघडताना मी पाहिलीय.

तुमच्या चार वेळा म्हणजे कधी? मी पैज लावतो, सकाळी उघडताना, दुपारच्या जेवणाआधी, जेवणानंतर आणि संध्याकाळी सहाला. सहानंतर टॉयलेट एकटं. तुमचा खरा वापर साडेआठ ते साडेअकरा. म्हणजे दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या वापराच्या आधी संपतात. सकाळच्या दोन फेऱ्या कमी करा आणि शुक्रवार-शनिवार रात्री दर अर्ध्या तासाला दोन मिनिटांची फेरी लावा. त्यात फक्त वायपर, बेसिन कोरडं, कागद, साबण, आणि सगळे फ्लश एकदा ओढणे. दाराच्या मागे लावलेला सह्यांचा तक्ता काढून टाकला तरी चालेल. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत केलेल्या त्या सह्या मी इतक्या पाहिल्यात की आता वाचतही नाही.

ही फेरी करणार कोण, हा खरा अडलेला प्रश्न असतो. वेटर म्हणतात आमचं काम नाही. ताटं वाढणाऱ्या मुलाने ती करूही नये. मग ज्याची जात किंवा गरज त्याला नाही म्हणू देत नाही, असा एक माणूस सगळ्यांनी मिळून शोधलेला असतो, आणि त्याला पगार सगळ्यात कमी. तो माणूस तुमच्या टॉयलेटवर जीव का लावेल? रात्रपाळीचा वेगळा माणूस ठेवा, पगार वेटरइतका द्या, टिपेत वाटा द्या, बूट आणि मोजे द्या, आणि त्याला इतरांबरोबर त्याच टेबलावर जेवू द्या. माझ्या ओळखीचे एक मालक आठवड्यातून एकदा स्वतः ब्रश हातात घेतात, कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाच्या, देखत. त्यांच्या जागेत मला गेल्या सहा वर्षांत तक्रारीसाठी बोलावणं आलेलं नाही, फक्त दिवाळीचा डबा येतो.

महिलांच्या टॉयलेटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. बहुधा ते वापरलंच कमी जातं, म्हणून तक्रार नाही. ते तपासा. ‘फॅमिली’ असं पाटीवर लिहिलं की मावशी, वहिनी, मुली येणार, आणि पुढच्या वेळी कुठे जायचं हे बऱ्याच घरांत त्याच ठरवतात. कडी एका बोटाने लागते का? पर्स टांगायला हूक आहे का, की ओल्या फरशीवर ठेवायची? झाकणाचा कचऱ्याचा डबा आहे का, शेजारी जुने वर्तमानपत्र किंवा कागदी पिशव्या आहेत का? जेटला पाणी बेताचं येतं की छतापर्यंत? अँगल कॉक (जेटच्या नळीची भिंतीतली छोटी तोटी) थोडा आवळला की ते नीट होतं. बारचं काउंटर ओलांडून जायला लागतं का? शेवटच्याला इलाज नसेल तर निदान मध्ये पार्टिशन टाका. माझी बायको म्हणते की ती हॉटेलची परीक्षा हूकवरून करते. मला आधी ते विनोदी वाटायचं.

जाता जाता एक. रस्त्यावरून कोणी बाई आत आली आणि ‘जरा टॉयलेट वापरू का’ म्हणाली तर तुमच्या मुलांना नाही म्हणू देऊ नका. मुंबईत २०११पासून बायकांनी ‘राइट टू पी’ची, म्हणजे मुतारीच्या हक्काची, चळवळ चालवली ती उगाच नाही. दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने तर २०१७मध्ये हॉटेलांना टॉयलेटं सगळ्यांना खुली करायला सांगितलं, पाच रुपयांपर्यंत शुल्क घ्यायची मुभा देऊन. आपल्याकडे लक्ष्मी रोडला खरेदीला आलेल्या बायका नको असलेला चहा मागवतात तो कशासाठी, हे प्रत्येक हॉटेलवाल्याला माहीत आहे. त्यामुळे पाण्याचं बिल थोडं वाढेल. वाढू द्या.

क्रम लावायचा तर असा लावेन. आज जाळ्यांमधल्या वाट्या आणि मगभर पाणी, फुकट. आज रात्री टॉर्च, तीही फुकट. शनिवारी अगरबत्ती. मग रात्रीच्या फेऱ्या. मग ग्राउट आणि पंखा, काही हजारांत. फ्रेश एअर आणि व्हेंट त्यानंतर, आणि फोडाफोडी सगळ्यात शेवटी, आधीचं सगळं करूनही वास राहिला तरच. अनेक ठिकाणी पहिल्या दोन पायऱ्यांवरच निम्मा वास गेलेला असतो, म्हणून मोठ्या कामाचं कोटेशन आत्ताच कोणाकडून घेऊ नका. कोटेशन देणारा माणूस जाळी उचलून बघत नाही.

शनिवारी धूर कुठे गेला ते कळवा. आणि त्या आधी एवढं सांगा: फ्लश केल्यावर जाळीतून गुडगुड येते का, आणि आठ महिन्यांपूर्वी जुन्या टाइल्स काढल्या होत्या की नाही. मिस्त्रीला फोन करून विचारा. तो ‘काढल्या असतील बहुतेक’ असं म्हणाला, तर काढलेल्या नाहीत.